टेकूखालची जमीन

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचं चित्र असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. एक आडवी रेघ, तिच्याखाली एक त्रिकोण, एका टोकाला चौकोनी दगड आणि दुसऱ्या टोकाला खाली जाणारा बाण. रेघ म्हणजे दांडा, त्रिकोण म्हणजे टेकू, दगड म्हणजे भार, बाण म्हणजे आपण लावलेलं बल. चित्र सुटसुटीत आहे, परीक्षेत पटकन काढता येतं. सावे मास्तरांना मात्र ते बघवत नसे.

"हा त्रिकोण कशावर उभा आहे?" ते वर्गाला विचारत.

"फळ्यावर," मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणे आणि वर्ग हसे.

मास्तर हसत नसत. खडू आडवा धरून ते त्रिकोणाखाली एक जाड रेघ ओढत आणि रेघेखाली तिरप्या रेघोट्या मारत बसत. किती तरी वेळ. शेवटी फळ्यावर तरफ छोटी आणि जमीनच मोठी दिसायला लागे. "आधी जमीन काढा," ते म्हणत. "मुरूम आहे, वाळू आहे, चिखल आहे, ते बाजूला लिहा. मग टेकू. मग बाकीचं." पोरांनी त्यांचं नाव टेकूमास्तर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी डहाणूच्या त्या शाळेत मराठी शिकवायला आले ते मुंबई राज्याचे दोन तुकडे होण्याच्या आदल्या वर्षी. डहाणू कोणत्या तुकड्यात जाणार यावर बाजारात रोज भांडणं होत होती, अर्धी मराठीत आणि अर्धी गुजरातीत. माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. आमच्या घरी देवाच्या पोथ्या नव्हत्या, युनियनची पत्रकं होती. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यांतली बहुतेक वाक्यं आज्ञार्थी असत : उठा, जागे व्हा, घाबरू नका. त्यामुळे माणसाला भीती वाटणं ही मला लहानपणापासून एक प्रकारची फितुरी वाटत आलेली आहे. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर नेमका असा माणूस बसवलेला, ज्याला सगळ्याचीच भीती वाटत होती.

मास्तर खुर्चीवर बसण्याआधी दोन्ही तळव्यांनी ती दाबून बघत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आधी एकच पाऊल ठेवत, थोडं थांबत, मग दुसरं. कौलारू पडवीत ते वाशाखाली उभे राहत नसत, दोन वाशांच्या मधल्या जागेत राहत. अंगाने किरकोळ, चाळिशीच्या पुढे, डोळ्यांवर जाड चष्मा आणि त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एवढं सोडून त्यांच्या घरचं मला काही माहीत नाही.

स्टेशनजवळच्या फाटकाशी त्यांचा रोजचा तमाशा असे. तिथे उचलतं फाटक होतं. लांब दांडा रस्त्यावर आणि आखूड टोकाला लोखंडाचं वजन बांधलेलं. गाडी गेली की दांडा वर जाई आणि सगळे खालून निघत. मास्तर निघत नसत. बाजूच्या अरुंद फटीतून, अंग चोरून, गटार ओलांडून जात.

"मास्तर, या ना इथून!" फाटकवाला रामजीभाई ओरडे. "फाटक खुल्लुं छे!"

"खुलं आहे ते दिसतंय, रामजीभाई. ते वजन बांधलंय ती साखळी कधी बघितली होतीत?"

"माझ्या बापाने बघितली होती!"

"म्हणूनच मी इथून जातो," मास्तर म्हणत आणि गटारात एक पाय बुडवून पलीकडे निघून जात.

मी एकदा चिडून त्यांना म्हटलं, "मास्तर, मुलं तुमच्याकडे बघतात. शिक्षकाने असं भ्यावं?"

"मला भीती वाटते, बाई," ते म्हणाले. एवढंच. समर्थन नाही, लाज नाही. कोणी सर्दी झाल्याचं सांगावं तसं.

पण हा माणूस तरफ शिकवायचा तेव्हा मी माझा मोकळा तास त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी काढत असे. पुस्तक मिटलेलं. मुलांनी घरून वस्तू आणायच्या. हिरा नावाची एक मुलगी होती, खाडीकाठच्या मासेमारांच्या वस्तीतली. आई बाजारात मासळी विकायची. हिराने आईचा तराजू, आजीचा अडकित्ता आणि चुलीपुढचा चिमटा असं सगळंच आणलं होतं, आणि वर्गभर सुक्या बोंबलाचा वास.

"तराजूत टेकू कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"मधी."

"अडकित्त्यात?"

हिराने अडकित्ता उघडमीट करून पाहिला. "टोकाला. जिथे दोन्ही पाती जोडल्यात तिथे. मधी सुपारी हाय."

"म्हणजे मध्ये भार. आणि चिमट्यात?"

"चिमट्यात पण टोकालाच जोड. निखारा दुसऱ्या टोकाला. मधी... मधी माझी बोटं."

"म्हणजे मध्ये बल. झाल्या तीन प्रकारच्या तरफा. मध्ये कोण बसलंय तेवढं बघायचं. आता सांग, सुपारी अडकित्त्याच्या तोंडाशी धरली तर?"

"फुटत नाय. आजी आत सरकवते, जोडाजवळ. मग जोर कमी लागतो."

"बल कमी लागतं," मास्तरांनी दुरुस्त केलं. "भार टेकूच्या जितका जवळ आणि आपला हात जितका लांब, तितकं कमी बल."

"आणि चिमट्यात?" दुसऱ्या एका मुलाने विचारलं. "त्याच्यात आपला हात तर निखाऱ्यापेक्षा टेकूच्या जवळ हाय. जोर जास्तच लागणार. मग चिमटा कशाला केला?"

मास्तरांचा चेहरा उजळला. तसा तो फार क्वचित उजळे. "बल जास्त लागतं, बरोबर. पण बोट भाजत नाही. घाबरलेल्या माणसाने शोधलेलं यंत्र आहे ते, बाळ."

मग सगळी वरात मैदानात. एक जाड वासा, त्याखाली दगड. आखूड बाजूला शाळेचा शिपाई लखमा बसला. लखमा वेवजी गावचा वारली, हाडापेराने मजबूत, सगळ्यांना 'तू' म्हणणारा. लांब टोकाला हिरा. पण त्याआधी मास्तरांनी दगडाखालची माती पायाने चाचपली, दगड हलवून पाहिला, मुलांना वाशाच्या रेषेतून बाजूला केलं. हिराने टोक दाबलं आणि लखमा उचलला गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"लखमा किती वर आला?"

"चार बोटं!"

"आणि हिराचे हात किती खाली आले?"

हिराने मोजलं. जवळजवळ दोन हात.

"बघा. बल वाचलं, पण त्याच्या बदल्यात तेवढं लांब यावं लागलं. तरफ फुकट काही देत नाही. आणि आता..." मास्तरांचा आवाज बदलला. "कोणी हात सोडायचा नाही. लखमाखाली आधी वीट सारा. सारली? हात घालून बघा. आता हळूहळू. उचलणं हे अर्धंच काम आहे. उतरवणं उरलेलं अर्धं."

"मास्तर, तू मला पोर समजतो काय?" लखमा हसत म्हणाला. "चार बोटांवरून पडून मरन काय मी?"

मास्तर वीट पुन्हा चाचपत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला ते हास्यास्पद वाटलं.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. सगळा वर्ग 'जोर' म्हणे, आणि मास्तर दर वेळी 'बल' म्हणत. मला वाटलं, पुस्तकी शुद्धपणा असेल.

दिवाळीआधी आम्ही मुलांना उधवा गावाच्या बाजूला गवताची वखार दाखवायला नेलं. त्या भागातलं गवत कापून, दाबून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. दाबायचं यंत्र म्हणजे एक उंच लाकडी पेटी आणि तिच्यावर सागाचं लांबलचक खोड. पेटीत गवत भरायचं, खोडाच्या लांब टोकाला माणसांनी लोंबकळायचं, नाचायचं, गवत पिळून बसलं की पेटीच्या फटींतून तारा आवळायच्या. अडकित्त्यासारखीच तरफ, सुपारीच्या जागी गवत. लोंबकळणारी माणसं उघडी, घामाने काळी चकाकणारी, आणि सावलीत खाटेवर मुकादम. ते बघून माझं डोकं तापलं. त्या माणसांशी दोन शब्द बोलायचे म्हणून मी पुढे निघाले, तर मास्तरांनी माझा दंड धरला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"त्या खोडाच्या रेषेत जाऊ नका, बाई. मुलांनाही नको."

"तुम्हाला मुकादमाची भीती वाटते का?"

"मुकादमाची पण," मास्तर म्हणाले.

मुकादमाला मजा आली. "मास्तर, लांबून काय दिसणार पोरांना? आणा की जवळ. खोड काय चावतं?"

तेवढ्यात लोंबकळणाऱ्यांतल्या एकाचा पाय निसटला. तो पडला, त्याच्या धक्क्याने दुसऱ्याची पकड सुटली, आणि दाबलेलं गवत उसळलं. ते अजस्र खोड वेताच्या छडीसारखं सूं करत वर गेलं. तिसऱ्याचं मुंडासं उडून कुडावर आदळलं. त्याचं डोकं त्यात नव्हतं, कारण तो आधीच खाली बसला होता.  मग मुकादम हसला. "रोजचंच आहे," म्हणाला. ती माणसं उठली आणि पुन्हा खोडाला लोंबकळली.

परतीच्या एस्टीची वाट बघत आम्ही पळसाखाली बसलो.  मी भ्याले होते आणि त्याचाच मला राग येत होता. तेव्हा मास्तरांनी, माझ्याकडे न बघता, झरीची गोष्ट सांगितली.

ते पहिल्यांदा नोकरीला लागले ते झरीच्या शाळेत. गावात विहीर खणायचं काम निघालं होतं आणि एक शिळा आडवी आली. चोवीस वर्षांचे मास्तर. तरफेचा धडा नुकताच शिकवलेला. त्यांनी पुढाकार घेतला, सागाचा सोट आणवला, दगडाचा टेकू लावला, गावाला सोटावर उभं केलं आणि ओरडले, "लावा जोर!" शिळा उचलली. गावाने आयुष्यात पहिल्यांदा असं काही पाहिलं. जान्या नावाचा एक तरणा माणूस खाली दगड सारायला वाकला. आणि शिळा उचललेली बघून माणसांना इतका आनंद झाला, की त्यांनी सोट सोडून हात वर केले.

"हात," मास्तर म्हणाले. "उजवा. मनगटापर्यंत."



"जान्या नंतर रोज शाळेच्या ओसरीवर येऊन बसायचा. एका हाताने गवत कापता येत नाही ना, तर काय करणार? नुसता बसायचा. मी रडलो की म्हणायचा, मास्तर तू नको रडू, तू काय वाईट नाही केला. दोन वर्षं तो ओसरीवर आणि मी आत. मग मी बदली मागून घेतली." त्यांनी चष्मा पुसला. "मी त्याला घाबरून पळालो, बाई. तो कधी दोष द्यायचा नाही, त्याला. शिळा उचलताना ओरडलो होतो तो शब्द तेव्हापासून मी तोंडाने म्हणत नाही."

एस्टी आली. मास्तर सगळ्यांत शेवटी चढले, पायरी पायाने दाबून.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आलेल्या अमावास्येनंतरचा दिवस होता, सकाळ सरत आलेली. मी व्याकरण शिकवत होते. हिरा त्या दिवशी शाळेत आली नव्हती. ती एकदम दारात दिसली. परकर ओटीपर्यंत चिखलाने भरलेला. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. शेजारच्या वर्गाच्या दिशेने तोंड करून ओरडली, "मास्तर! बाबा होडीखाली!"

भरती ओसरली की होड्या किनाऱ्यावर कलत्या उभ्या करतात, बाजूला लाकडाचे आधार लावतात आणि पाणी परत यायच्या आत तळ खरवडून त्याला तेल-चुना लावतात. हिराचे वडील काशिनाथ तेच करत होते. आधार चिखलात सरकला आणि होडी त्यांच्या अंगावर लवंडली. काठ मांडीवर. मांडी चिखलात रुतलेली. चिखल मऊ म्हणून हाड वाचलं होतं बहुधा, पण तोच चिखल आता त्यांना धरून बसला होता. वस्तीतले बाकी पुरुष समुद्रावर. किनाऱ्यावर बायका, म्हातारे आणि पोरं.

मास्तर, मी, लखमा आणि वर्गातली पोरं पोचलो तेव्हा बायकांनी हातांनी उकरून पाहिलेलं होतं. जितकं उकरावं तितका चिखल आत ढासळत होता आणि प्रत्येक ओंजळीबरोबर होडी आणखी खाली बसत होती. म्हणून उकरणं थांबवलं होतं. काशिनाथ कोपरांवर अर्धवट उठून बसले होते. चेहरा राखेसारखा. आणि पाणी आलं होतं. डहाणूचा किनारा सपाट आहे, तिथे भरती चढत नाही, चालत येते. आमच्या घोट्यांना लागलेलं पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं.

"होडी तरंगेल की पाण्याने," मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं.

गोविंद तांडेल नावाचा म्हातारा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तरंगंल ना, बाय. माझ्या छातीला पानी लागंल तवा तरंगंल. त्याचा डोका कुठं हाय बघ."

मी बघितलं.

गोविंद तांडेलाने थांबायचं नाकारलं. सुटी डोलकाठी पडलेली होती. ती ओढून आणली, नांगराचा मोठा दगड टेकू म्हणून लावला, डोलकाठीचं टोक काठाखाली घातलं. मास्तर मागून म्हणत होते, "थांबा, थांबा, खाली चिखल आहे..." पण त्यांचा आवाज मुळातच बारीक आणि वारं समुद्रावरून. आम्ही सगळे काठीवर पडलो. मीही. होडी हलली, कुरकुरली. आणि मग हातांखाली काही तरी मऊ गेल्यासारखं वाटलं. नांगराचा दगड गिळल्यासारखा चिखलात उतरला. काठी आडवी झाली. हललेली होडी परत बसली, आधीपेक्षा खोल. काशिनाथ ओरडले. तो आवाज मला लिहिता येणार नाही. हिराची आई सोनाबाय चिखलात गुडघ्यांवर बसून नवऱ्याचं डोकं वर धरून होती. तिने तोंड फिरवलं.

 पाणी येतच होतं. तेव्हा हिराने मास्तरांचा हात धरला आणि हलवला. "मास्तर. आधी जमीन."

मास्तर उभे कापत होते. खरोखर कापत होते, दात वाजत होते. हा माणूस आता पळणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "दारं काढा."

"काय?"

"घरांची दारं. फळ्या असतील त्या. लखमा, तू पोरांना घेऊन जा, माझ्या वर्गातला फळा आण."

दारं यायला वेळ लागला. तो वेळ किती होता ते मला माहीत नाही. पाणी काशिनाथांच्या छातीला लागलं, मग काखेला. मास्तर चिखलात उकिडवे बसून हातांनी जागा सपाट करत होते. दारं टाकली तर ती तरंगायला लागली. मास्तरांनी त्यांवर मुलं उभी केली, तशी ती बसली. त्यांवर आडवा सागवानी फळा. त्या फळ्यावर सकाळच्या तासाचं चित्र होतं : जाड रेघ आणि तिच्याखालच्या तिरप्या रेघोट्या. पाणी वरून गेलं आणि सगळं पुसलं गेलं. फळ्यावर खणून काढलेला नांगराचा दगड, दगडावर ओंडक्याचा तुकडा. मास्तरांनी टेकू हलवून पाहिला. पुन्हा हलवून पाहिला. परत चाचपला.

"मास्तर, पानी आला ना रे!" कोणी तरी रडत ओरडलं. मीही ओरडले, काय ते आठवत नाही. आमच्या पत्रकांत टेकू नसायचा. त्यांत फक्त जोर असायचा.

मास्तरांनी काठी सरकवली. टेकूपासून होडी एक हात, आम्ही आठ हात. आमच्या बाजूचं टोक डोक्यांच्या वर आभाळात गेलं होतं, कारण होडी वीतभर उचलायची तर ते टोक पुरुषभर खाली यायला हवं होतं. तिथे बायका लोंबकळल्या, मी, गोविंद तांडेल, सगळ्यांत टोकाला मास्तर स्वतः. लखमा होडीजवळ ओंडका घेऊन उभा.

"होडी उचलली की आधी ओंडका," मास्तर म्हणाले. "ओंडका आत गेल्याशिवाय माणूस ओढायचा नाही. कोणी आत हात घालायचा नाही."

सोनाबाय भडकली. "मेल्या, माझा नवरा हाय तो! त्याच्या तोंडाला पानी लागला! आधी त्याला काड!"

"आधी ओंडका."

"तुजा मुडदा पडो, मास्तर!"

"पडो. आधी ओंडका."

पाणी काशिनाथांच्या हनुवटीला होतं. ते मान ताणून आभाळाकडे बघत होते आणि नाकाने श्वास घेत होते. सगळे मास्तरांकडे बघत होते, आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओठ हलत होते. मला ठाऊक होतं कोणता शब्द अडलाय. हा माणूस तो म्हणणारच नाही अशी भीती मला त्या क्षणी वाटली, तशी आजवर दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

त्यांनी डोळे मिटले. "लावा," ते म्हणाले. मग किंचाळले, "लावा जोर!"

आम्ही खाली आलो. टेकूखालून फळा कडकडला, पण बसला नाही. टोक खाली येत होतं, येत होतं, आणि पलीकडे होडीचा काठ बोटभर, मग चार बोटं, वीतभर. लखमाने ओंडका सारला. सोनाबायने काठाखाली हात घालून काशिनाथांची मांडी धरली, दोघींनी त्यांना काखेत धरलं आणि ओढलं. चिखलाने त्यांना सोडलं. पाण्यातून माणूस बाहेर आला आणि खोकला, ओकला, रडला.

आणि आम्ही सगळ्यांनी काठी सोडली.

ठरवून नाही. आनंदाने. सगळे हात वर, सगळे त्यांच्याकडे धावलो. टोकावर एकटे मास्तर उरले. होडी खाली आली आणि मोठा आवाज करून ओंडक्यावर आदळली. सोनाबायचे दोन्ही हात अजून काठाखाली होते. ओंडका आणि होडी यांच्यामध्ये नव्हते, बाजूच्या फटीत होते. तिने ते बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले आणि पाण्यात मटकन बसली.

काशिनाथांना उचलून सगळे वर निघाले. हिरा, लखमा, रडणाऱ्या बायका. माझ्या लक्षात आलं, मास्तर दिसत नाहीत. मी वळले.

ते काठीच्या टोकावर पोटावर आडवे पडून होते, दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी मिठी मारलेली. पाणी कमरेवरून जात होतं. डोळे अजून मिटलेले.

"मास्तर, झालं. सुटले काशिनाथ."

"बाई, सोडू?"

"सोडा. होडी ओंडक्यावर आहे. काठीवर आता भार नाही."

"हात घालून बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. मी होडीकडे गेले. तिच्याखाली आता काळं पाणी होतं आणि आत काही दिसत नव्हतं. वाकून मी हात काठाखाली घातला. माझ्या डोक्यावर ती सगळी होडी होती. जान्याचा हात मी कधी पाहिला नव्हता, तरी तो मला तिथे दिसला. बोटांना ओंडक्याची साल लागली. मी ओंडका ढकलून पाहिला, तो हलला नाही. हात बाहेर काढला तेव्हा मी धापा टाकत होते.

"आहे, मास्तर. घट्ट आहे."

तेव्हा त्यांनी बोटं उघडली, एकेक करून. मग ते पाण्यातून उठले आणि किनाऱ्याकडे निघाले. वाटेत दुसऱ्या दोन होड्या कलत्या उभ्या होत्या. त्यांच्या सावलीतून न जाता मास्तर लांबून, वळसा घेऊन गेले.

फळा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला, मधोमध चिरलेला. मास्तरांनी त्यानंतर महिन्याभरात बदलीचा अर्ज दिला. झरीला. आपणहून तिकडे कोणी जात नसे, त्यामुळे तो लगेच मंजूर झाला.

मी आणि हिरा त्यांना एस्टीवर सोडायला गेलो होतो. काशिनाथही आले होते, काठी टेकत.

"जान्या आहे अजून?" मी विचारलं.

"आहे म्हणतात. ओसरीवरच बसतो."

"भीती वाटते का, मास्तर?"

"वाटते की," ते म्हणाले.

त्यांनी एस्टीची पायरी पायाने दाबली, थांबले, आणि चढले. गाडी सुटली तेव्हा सगळ्या खिडक्यांतून माणसांचे हात बाहेर आले. मास्तरांचा आला नाही. गजांच्या आत, छातीजवळ धरलेला, तो तिथल्या तिथे हलत होता. वळणापर्यंत मला दिसत होता.